बोटभर म्हाताऱ्या

विदर्भात बाहुलीच्या वाट्याला दोन जागा येतात. एक मखरात, दुसरी वेशीबाहेर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत नावाची बाहुली गावाबाहेर नेऊन जाळतात. त्यानंतर पंधराएक दिवसांनी भाद्रपदाची पौर्णिमा आली, की त्याच गावातल्या पोरी मातीच्या भुलाबाई-भुलोजींना ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसवतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात आणि कोजागिरीला त्यांची पाठवणी करतात. एकीचा निरोप आरडाओरड्यात, दुसरीचा गाण्यात. करणारे हात मात्र त्याच घरांतले.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावात राहते आणि बोटभर उंचीच्या बाहुल्या करते. त्यातल्या बऱ्याचशा दूरदेशच्या आहेत. केरसुणीवर बसून येणारी इटलीची बेफाना, पोलंडच्या नदीत बुडवली जाणारी मार्झाना, आयर्लंडची ब्रिजिड, युक्रेनची बिनचेहऱ्याची मोटांका. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या निसर्गपूजेतून, ज्याला तिकडे पेगन म्हणतात त्या परंपरांतून, यांचा उगम सांगितला जातो. सोबत काही साध्याच म्हाताऱ्या असतात, टोकदार टोपीच्या, काळ्या लुगड्याच्या. गावातले लोक या सगळ्यांना सरसकट चेटकिणी म्हणतात आणि विचारतात, चांगल्या घरच्या बाईनं हे कशाला करावं? उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी सामानाविषयी लिहू द्या, कारण माझ्या बाहुल्या मला सामानातूनच सुचतात.

पूर्व विदर्भाच्या जंगलात येन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे पोसतात. भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर समाजातल्या कुटुंबांचा हा पिढ्यांचा धंदा. आमच्याच जिल्ह्यातल्या आंधळगाव-मोहाडीकडचं कोशाचं कापड नावाजलेलं आहे. कोसा फांदीला लटकलेला असतो तो एका चिवट देठानं, आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती वळलेलं कडं असतं. सलग धागा काढायचा तर पाखरू बाहेर पडण्याआधीच कोसा शिजवावा लागतो. बेण्यासाठी राखून ठेवलेल्या कोशांतून मात्र पाखरू बाहेर येतं, देठाजवळ भोक पडतं, आणि तो फुटका कोसा सलग धाग्याच्या कामाचा राहत नाही. मला तोच हवा असतो. मधोमध आडवा कापला, की कात्रीखाली कुरकुरतो आणि देठाकडचा अर्धा भाग हातात येतो. ती झाली म्हातारीची टोपी. देठ म्हणजे टोपीचं टोक, आणि पाखराच्या भोकातून मी अंबाडीच्या वाकाची एक बट बाहेर ओढते. पिकलेल्या केसांचा रंग अंबाडीला आपोआपच असतो. बाहुली टांगायची झाली तर देठाचं कडं आहेच, वेगळा दोरा लागत नाही.

अंग तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं. तणस ओलं करायचं, पीळ द्यायचा, मधोमध दुमडायचं. दुमड येते तिथे खांदे. डोकं मांजरपाटाच्या तुकड्यात सावरीचा कापूस भरून केलेलं. कपडे जुन्या लुगड्यांच्या पदरांचे, कारण नवं कापड एवढ्या लहान अंगावर ताठ उभं राहतं, पडत नाही. काळा रंग मी हिरड्याचा करते. हिरडे फोडून लोखंडी कढईत भिजत घालायचे, त्यात गंजके खिळे टाकायचे. हिरड्याचा तुरटपणा लोखंडाशी मिळाला की पाणी काळं होतं. कापड दोन-तीनदा बुडवून वाळवलं, की धुतलेल्या काळ्या सुती पातळाला येतो तसा मऊ काळा रंग चढतो. केशरी रंग पळसाचा. शिमग्याच्या सुमाराला झाडाखाली सडा पडतो तेव्हा वेचून वाळवलेल्या फुलांचा. बिब्याचा काळा याहून पक्का बसतो, हे मला ठाऊक आहे. पण बिबा अंगावर उततो, आणि माझ्या बाहुल्या लेकरं हाताळतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तोंडाच्या एका टाक्याला. डोळ्यांचे दोन टाके सोपे. तोंडाचा आडवा टाका सैल राहिला तर ओठ ओघळतात आणि म्हातारी रागीट दिसते. फार ताणला तर ती घाबरलेली दिसते. दोन्ही टोकं सुईच्या अग्राएवढी वर घेतली, की तिला काहीतरी आठवत असावं असं वाटायला लागतं. मी तो टाका उसवते, पुन्हा घालते. बाजारात मिळणाऱ्या चेटकिणींना वाकडं नाक असतं, त्यावर चामखीळ असते, सुळे असतात. माझ्या एकाही म्हातारीला मी ते दिलेलं नाही आणि देणारही नाही. म्हातारपणाची खूण म्हणजे भीतीची खूण, हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांनी फार मोठं पाप केलं, असं मला मनापासून वाटतं. ते का, हे पुढे येईलच.

मारबतीकडे वळते. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत 1880च्या दशकापासून निघते, हजारो लोक रस्त्यावर येतात, सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर त्या त्या वर्षीच्या महागाईचा, भ्रष्टाचाराचा राग निघतो. काळ्या मारबतीचं नातं लोक भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांना सामील झाल्याचा तिच्यावरचा ठपका अजून पुसलेला नाही. खेड्यातली मारबत इतकी मोठी नसते. पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्यांचे मेढे लावतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ते उचलायचे आणि शिवेकडे निघायचं. पोरंसोरं पुढे, मोठी माणसं मागे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘इडा-पिडा, खासी-खोकला, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!’ गोंदियाकडे तिलाच नारबोद म्हणतात. कुठे नुसत्या फांद्या जाळतात, कुठे तणसाची, मातीची, कागदाची बाई केलेली असते.

पोलंडची मार्झाना पहिल्यांदा मोबाईलवर पाहिली तेव्हा मी तो व्हिडिओ थांबवून घरातल्यांना हाका मारून बोलावलं. पेंढ्याची बाई, अंगात जुने कपडे, गळ्यात माळ, काठीवर बसवलेली. मार्चच्या 21 तारखेच्या आसपास, थंडी संपताना, तिला गावातून मिरवत नदीवर नेतात, पेटवतात आणि पाण्यात टाकतात. तिच्यासोबत हिवाळा जावा, रोगराई जावी, मरण जावं. शेजारच्या चेक मुलखात तिला मोराना म्हणतात. 15व्या शतकात चर्चनं या प्रथेला मनाई केली होती, तरी आजही शाळेतली लेकरं मास्तरांसोबत मार्झाना घेऊन ओढ्यावर जातात. आणि तिथून परतताना मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर दुखणं पाठोपाठ येतं. उतारा टाकून येणाऱ्यानं मागे पाहू नये, हे आपल्याकडे कळत्या वयाच्या आधीपासून कानावर पडलेलं असतं. हजारो कोस लांब, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या गावांनी हाच नियम लावून घेतला आहे.

हे कोणी कोणाकडून घेतलं असेल, असं मला वाटत नाही. मला त्यात दिसतो तो हंगाम. पोळ्याच्या वेळी आमच्याकडे रोवणी आटोपलेली असते, नवं धान बांधीत उभं असतं पण घरातलं जुनं धान तळाला गेलेलं असतं, डबकी साचलेली, घरोघरी ताप. तिकडे मार्चमध्येही तसंच, कोठारातलं संपत आलेलं आणि शेतातलं अजून यायचं. गाव सगळ्यात अशक्त असतं तेव्हा बाहुली निघते. लोकांना कशाची तरी भीती वाटत असते आणि ती कशाची हे नीट सांगता येत नसतं. त्या भीतीला तणसाचं अंग देतात, जुनं लुगडं नेसवतात, तिचं नाव घेऊन ओरडतात आणि शिवेवर सोडून येतात. वर्षभरासाठी तो हिशेब तिथे मिटतो. घरी येऊन आंघोळ करायची, लेकरांचे लाकडी बैल सजवायचे.

म्हणून मला बाहुली मोलाची वाटते. भीती बाहुलीत मावली तर गावातली माणसं सुटतात. ती बाहुलीत मावली नाही, की माणूस शोधते, आणि तो माणूस बहुतेक वेळा एकटी, म्हातारी, जमिनीच्या तुकड्याची मालकीण असलेली बाई असते.

2024च्या मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला गावातल्याच लोकांनी मारहाण करून जाळलं. ते ठिकाणही आमच्यासारखंच पूर्व विदर्भातलं. बोली बदलते, जंगल तेच. त्याच्या आधी दहा वर्षांहून जास्त काळ राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. एखाद्या माणसाला करणी करतो, जादूटोणा करतो असं ठरवून त्याचा छळ करणं हाही त्यात गुन्हा आहे. पूर्व विदर्भात या प्रश्नावर गावोगावी फिरून प्रयोग करून दाखवणाऱ्या कार्यकर्त्यांनी आयुष्यं घातली आहेत, आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मी हे काम बाहुल्यांनी करू शकते असं म्हणत नाही. पण हे काम चालू असताना मी कोणत्या बाहुल्या करायच्या आणि कोणत्या नाहीत, एवढं तरी मला ठरवावं लागतं.

युरोपात हेच घडलं, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडलं. 15व्या ते 18व्या शतकात तिथे चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुतांश बायका. डेन्मार्कमध्ये चौथ्या क्रिश्चन राजानं 1617 साली चेटकाविरुद्ध फर्मान काढलं आणि खटल्यांना ऊत आला. त्याच डेन्मार्कमध्ये आज 23 जूनच्या रात्री समुद्रकाठी शेकोट्या पेटवतात, गाणी म्हणतात आणि शेकोटीच्या टोकावर कापडाची चेटकीण ठेवून जाळतात. तिथल्याही काही लोकांना हे पटत नाही. मार्झाना जाळणं आणि ही चेटकीण जाळणं, दिसायला एकच. पण मार्झाना म्हणजे हिवाळा, आणि डेन्मार्कच्या शेकोटीवरची ती म्हणजे खरोखर जाळल्या गेलेल्या बायकांची नक्कल. मार्झानाच्या बाहुल्या मी करते. डेन्मार्कची ती कधीच केली नाही.

आणि मग टाचण्या. माझ्या इन्स्टाग्रामच्या पानावर विचारणा येतात, त्यात दर थोड्या दिवसांनी एखादी अशी असते: काळी बाहुली मिळेल का, टाचण्या टोचलेली, अमक्याच्या नावाची. काळी बाहुली आपल्याला नवी नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला उलटी टांगलेली असते, ट्रकच्या मागे लिंबू-मिरचीच्या शेजारी असते. ती दृष्ट लागू नये म्हणून; तिच्याशी माझं वैर नाही. माणसाच्या नावानं टोचलेल्या बाहुलीला मात्र मी साफ नकार देते. समोरचा म्हणतो, अहो, गंमत म्हणून हवी आहे. मी तरी देत नाही, आणि त्याला अमेरिकेतल्या सेलम गावची हकिकत लिहून पाठवते.

1692 साल. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये चेटकाचे खटले चालू झाले. पहिली फाशी 10 जूनला झाली, ब्रिजेट बिशप नावाच्या बाईला. तिच्याविरुद्धच्या साक्षींत एक साक्ष बाहुल्यांची होती. तिच्या पूर्वीच्या घराच्या तळघराची भिंत पाडताना, भिंतीच्या पोकळीत चिंध्यांच्या आणि डुकराच्या केसांच्या बाहुल्या सापडल्या, त्यांत बिनडोक्याच्या टाचण्या खोचलेल्या होत्या, असं मजुरांनी शपथेवर सांगितलं. त्या तिनेच केल्या होत्या का, तिथे ठेवल्या कोणी, कशासाठी, याचा निवाडा कोणी केला नाही. बाहुल्या सापडल्या, एवढ्यावर ती साक्ष तिच्याविरुद्ध धरली गेली. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली, आणि गुन्हा कबूल-नाकबूल काहीच न सांगणाऱ्या एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं.

मी चिंध्या शिवणारी बाई आहे, त्यामुळे या साक्षीपाशी मी थांबते. भिंतीतली ती बाहुली कदाचित एखाद्या लेकराची असेल. कदाचित सुया-टाचण्या खोचून ठेवायची असेल, माझ्याकडेही तशी एक आहे, शिवताना सुई हरवू नये म्हणून. कदाचित खरंच कोणाचं वाईट चिंतून केलेली असेल. त्यानंही कोणाचं काही वाईट झालं नसतं. वाईट झालं ते अशा साक्षींवरून एका जिवंत बाईला फासावर चढवलं म्हणून. बाहुली भीती वाहून नेते हे मी वर लिहिलं, आणि ते खरं आहे. पण तीच बाहुली कोणाच्या तरी दारात सापडली की पुरावा होते, हेही तितकंच खरं आहे. आपल्याकडे अजूनही कोणाच्या दारात सकाळी कणकेची बाहुली, हळद-कुंकू, लिंबू दिसलं, की पहिला प्रश्न कोणी केलं असेल हा असतो, आणि दुपारपर्यंत गावाला एक नाव सापडलेलं असतं. ते नाव शक्यतो पाटलाचं नसतं.

आमच्या गावात टोकाच्या घरात एक म्हातारी राहते. नवरा नाही, मूल नाही. लहान लेकरू घेऊन तिच्या दारावरून जाताना बायका पदर ओढून घेतात. तिला कोणी कधी मारलं नाही, तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण लग्नात तिला हळदीच्या आधी बोलावत नाहीत, आणि हे तिला ठाऊक आहे. ती शिंदीच्या पानांचे फडे, म्हणजे केरसुण्या, बांधून विकते. फडे द्यायला ती माझ्या ओसरीवर आली तेव्हा समोर बेफाना वाळत होती, हातात शिंदीचाच इवला फडा घेतलेली.

‘कोन होय वं हे?’ तिनं विचारलं.

मी सांगितलं. इटली नावाचा देश आहे, तिथली ही बुढी. 5 जानेवारीच्या रात्री फड्यावर बसून घरोघरी येते. शहाण्या लेकरांच्या मोज्यांत खाऊ ठेवते, खोडकरांच्या मोज्यांत कोळसा. लोक सांगतात की जाताना घरसुद्धा झाडून जाते.

‘लोकं भेत नाई तिले?’

‘नाही. लेकरं वाट पाहतात.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बाहुली उचलून तिनं डोळ्यांजवळ नेली, आणि मला वाटलं आता ती चेहऱ्याविषयी काही म्हणेल. ती म्हणाली, ‘फडा असा नाई बांधत. सुटून जाईन.’ माझी गाठ तिनं नखानं सोडवली. शिंदीची एक पात दातात धरून उभी चिरली, त्या धाग्याएवढ्या पट्टीचे फड्याभोवती तीन फेरे घेतले, शेवटचा फेरा आधीच्या दोहोंखालून काढून ओढला आणि उरलेलं टोक आत खुपसून टाकलं. गाठ कुठे दिसतच नव्हती. तेव्हापासून माझ्या सगळ्या म्हाताऱ्यांचे फडे ती बांधून देते, त्याचे पैसे घेते, आणि भाव कमी वाटला तर वाढवूनही मागते.

फड्याचंही केवढं आश्चर्य आहे. आपण लक्ष्मीपूजनाला नवा फडा आणून त्याला हळद-कुंकू लावतो, फड्याला पाय लागला तर नमस्कार करतो. युरोपनं तोच फडा चेटकिणीच्या पायांखाली दिला. घर झाडणाऱ्या बाईच्या हातातली वस्तू एकीकडे लक्ष्मी झाली, दुसरीकडे पुरावा. मला बेफाना आवडते ती याचसाठी. तिच्या हातातला फडा निव्वळ फडा राहिला आहे.

धानाचं आणखी एक नातं सांगायला हवं. इंग्लंडमध्ये कापणी संपताना शेवटची पेंढी उभी ठेवत, धान्याचा जीव त्या पेंढीत जाऊन बसतो अशी समजूत होती. त्या पेंढीची बाहुली विणत, हिवाळाभर घरात टांगून ठेवत आणि नांगरणीच्या वेळी पहिल्या तासात मातीआड करत. आमच्याकडे कापणीनंतर लोंब्यांचं तोरण विणून दाराला बांधतात, चिमण्या येऊन दाणे टिपतात. आयर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री पोरी ब्रिजिडची गवताची बाहुली घेऊन घरोघर फिरत, आणि घरातली बाई तिला काहीतरी देत असे. भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी जाणाऱ्या पोरींना खिरापत मिळते तशी. ब्रिजिड आधी देवी होती म्हणतात, पुढे संत झाली, बाहुली टिकली. इंग्लंडात चेटकाविरुद्धचा जुना कायदा 1951 साली रद्द झाला, आणि त्यानंतर काही लोकांनी पेगन परंपरा उघडपणे नव्यानं पाळायला घेतल्या. त्यांचे सण सूर्याच्या आणि पिकाच्या फेऱ्यावर बेतलेले आहेत. 31 ऑक्टोबरला ते गेलेल्या माणसांसाठी पान वाढून ठेवतात, तेव्हा मला सर्वपित्री अमावस्येला कावळ्याची वाट पाहणारे आमचे लोक आठवतात. इंग्लंडातल्याच कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसल या गावात 1960पासून चेटकाचं एक संग्रहालय आहे. 2004च्या ऑगस्टात तिथे मोठा पूर आला आणि पाणी त्या संग्रहालयातही शिरलं. चिखलातून त्या चिंध्या आणि मेणाच्या बाहुल्या धुऊन पुसून पुन्हा मांडणाऱ्या हातांविषयी मला आपुलकी वाटते. ज्या वस्तू बाळगण्यावरून कधी बायकांचे जीव गेले, त्या वस्तू आता कोणीतरी काळजीनं जपत आहे.

आता पोळा जवळ आला आहे. गल्लीतल्या पोरींना या वर्षी मारबत माझ्या ओसरीवर करायची आहे. तणस आणलं, पळस तोडायला पोरं जाणार, जुनं लुगडं मीच दिलं. चेहऱ्यावरून मात्र वाद चालू आहे. दरवर्षी कोणीतरी कोळशानं डोळे काढतं, लाल जीभ लावतं, पांढरे केस चिकटवतं, आणि चेहरा पुरा होता होता कोणीतरी हसून म्हणतं, अगदी अमकीसारखी दिसते. त्या अमकीचं घर गावाला ठाऊक असतं.

मी पोरींना मोटांका दाखवली. युक्रेनमधल्या बायका ही बाहुली सुई न लावता, नुसत्या चिंध्या गुंडाळून आणि गाठी मारून करतात. तिला डोळे-नाक-तोंड काढत नाहीत, चेहऱ्याच्या जागी कोरं कापड किंवा आडव्या-उभ्या दोऱ्यांची फुली. चेहरा दिला तर त्यात कोणाचा तरी जीव येऊन बसतो अशी त्यांची समजूत. मी म्हटलं, आपण या वर्षी मारबतीला चेहराच देऊ नये. तिच्यात खोकला जाऊ दे, डेंगू जाऊ दे, तुडतुडा जाऊ दे, कोणाची आजी जायला नको.

दोघी-तिघींना पटलं. सातवीतली एक पोरगी, जिचा आवाज दरवर्षी सगळ्यांच्या वर असतो, ती मोटांका हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘काकू, पन तोंडच नाई तर ओरडाचं कोनाकडं पाहून?’

मी तिला सांगितलं की मारबतीच्या अंगावर कागद लावू आणि त्यावर जे जायला हवं ते लिहू. ती म्हणाली, मग कागदावर काय लिहायचं ते आम्ही ठरवू, तुम्ही नाही. ते मी कबूल केलं. काल संध्याकाळी यादी सुरू झाली. पहिलं नाव मच्छरांचं. दुसरं दारूचं, ते लिहिताना त्यांनी मला विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. तिसऱ्या ओळीवरून भांडण लागलं आहे. आज शाळा सुटल्यावर त्या पुन्हा येणार आहेत, आणि त्याआधी मला तणस भिजत घालायचं आहे.